नेट बंद होते त्या तीन दिवसांबद्दल : जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. जिल्हा पोलीस अधीक्षक यांस,

महोदय,

मी वर्धा नदीच्या काठावरील एका खेड्यात बँक सखी म्हणून काम करते. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत माझे टेबल आहे, त्यावर लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र आहे, आणि ज्यांना तालुक्याच्या बँकेपर्यंत जाणे परवडत नाही अशा बाया, म्हातारी माणसे आणि लहान कास्तकार माझ्याकडे येऊन आपले पैसे काढतात. राजकारणाशी माझा संबंध मत देण्यापुरता आहे. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत तालुक्याच्या गावी बॅनर फाडल्यावरून दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांत हाणामारी झाली, दगड चालले, एक मोटारसायकल आणि काही टायर जळाले, आणि त्या संध्याकाळपासून तीन दिवस आमचे नेट बंद झाले. वेळीच नेट बंद केल्यामुळे शहर शांत राहिले, असे नंतर वर्तमानपत्रांत वाचले. ते खरेच असेल. शहरापासून २२ किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावात त्या तीन दिवसांत जे झाले ते मात्र कोणत्याही अहवालात येणार नाही, म्हणून ते आपल्याला कळवत आहे.

मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने माणसे मरतात हे मला ठाऊक नाही, असे कृपया समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती, आणि त्यांना ज्या खोलीत कोंडून मारले ती ग्रामपंचायतीची खोली होती. मी रोज तशाच खोलीत बसते, त्यामुळे ती बातमी माझ्या मनातून जात नाही. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांचा जीव तसल्याच अफवेपायी गेला. आमच्या विदर्भात नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत मोर्चा, बंद आणि जाळपोळ यांच्यानंतर संचारबंदी लागली आणि नेट बंद झाले. १७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल भागात अफवेने काय केले ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अशा वेळी कायदा आणि सुव्यवस्थेची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे त्याचा हात आधी नेटच्या बटणाकडे जातो, हे मला समजते. माझी तक्रार बटणाबद्दल कमी आणि त्यानंतरच्या शांततेबद्दल जास्त आहे, कारण ते बटण बंद झाल्यावर प्रशासनाचा दुसरा कोणताही आवाज आमच्या गावापर्यंत आला नाही.

आधी पैशांचे सांगते, कारण माझा रोजचा व्यवहार तोच आहे. त्या तीन दिवसांत ४३ जण माझ्या टेबलावरून रिकाम्या हाताने परत गेले. त्यांची नावे मी वहीत लिहून ठेवली आहेत. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र थंड पडले, त्यामुळे अंगठा लागेना आणि धान्य मिळेना. हमीभावाने कापूस विकण्यासाठी आता कपास किसान ॲपवर नाव नोंदवून तारीख घ्यावी लागते. ती तारीख घेण्यासाठी आलेले चार कास्तकार माझ्या लॅपटॉपकडे बघत बसले आणि उठून गेले. एका बाईची लेक बाळंतपणासाठी उपजिल्हा रुग्णालयात होती. लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये तिच्या खात्यात जमा होते, पण ते तिच्या हातात देण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, म्हणून तिने किराणा दुकानदाराकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. लोकांनी घरात रोकड ठेवणे सोडले ते शहरातच, असा समज असेल तर तो काढून टाकावा. आमच्या पानठेल्यावरचा खर्राही (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आता स्कॅन करून घेतात. (खर्ऱ्यावर बंदी आहे हे मला माहीत आहे, आणि आपल्यालाही.) पण हे सगळे नुकसान भरून निघणारे होते. नेट आले, अंगठे लागले, त्या बाईने व्याजासकट पैसे फेडले. म्हणून पैशांबद्दल अधिक लिहीत नाही.

भरून न निघणारी गोष्ट वेगळीच होती. हाणामारी झाली त्या संध्याकाळी गावात फार कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. बॅनर आमच्याकडे दर निवडणुकीला फाटतात आणि दोन्ही पक्षांचे भाऊ पुढच्याच आठवड्यात एका मांडवात जेवताना दिसतात. पण दिवेलागणीला मोबाइलवरचे नेट गेले आणि पारावर बसलेल्या माणसांच्या बोलण्याचा सूर पालटला. "नेटच बंद केलं म्हंजे लय मोठं झालं असन, नाही तं सरकार कायले बंद करते?" हे वाक्य त्या रात्री मी निदान दहा तोंडांतून ऐकले. नेट का बंद केले, किती वेळासाठी केले, शहरात नेमके काय झाले आणि आता काय स्थिती आहे, हे सांगणारा एक ओळीचाही मजकूर कोठून आला नाही, तेव्हा नेट बंद होणे हीच लोकांसाठी सर्वांत मोठी बातमी ठरली. आणि सरकारने स्वतः केलेली कृती असल्यामुळे तिच्यावर अविश्वास ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. आदल्या दिवसापर्यंत जी माणसे भलत्यासलत्या निरोपाला हसत होती, त्यांनाही त्या रात्री कोणी काही सांगितले तर ते खरे वाटू लागले.

अफवा नेटवाचून चालत नाही, हा समज आपल्या कार्यालयात असेल तर त्याबद्दलही दोन शब्द सांगणे मला भाग आहे. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली, आणि पुष्कळ हात फिरून आलेल्या निरोपावर दोन बाण दिसू लागले. बचत गटाच्या बैठकीत मी बायांना हे दोन बाण ओळखायला शिकवले आहेत. "दोन बाण दिसले का थांबायचं" एवढे तरी आता बऱ्याच जणींना कळते. पण नेट बंद झाल्यावर जी ध्वनिफीत गावात फिरली ती व्हॉट्सॲपवरून आलीच नव्हती. शहरातून मोटारसायकलवर परतलेल्या एका मुलाच्या मोबाइलमध्ये ती होती. त्याने ती पानठेल्यावर ब्लूटूथने दिली, तिथून दोघातिघांनी घेतली, कोणी एकाच्या मोबाइलवर वाजवून दुसऱ्याच्या मोबाइलवर नव्याने रेकॉर्ड केली. तिच्यावर एकही बाण नव्हता. एक पुरुष घाईघाईने सांगत होता की, मार खाल्लेल्या बाजूची माणसे गाड्या भरभरून खेड्यांकडे निघाली आहेत, त्यांच्या गाड्यांना नंबर नाहीत, आणि ती रात्री येऊन कापसाच्या गंज्या पेटवणार आहेत. आवाज ओळखीचा वाटतो असे प्रत्येक जण म्हणत होता, पण कोणाचा ते कोणीच सांगत नव्हता. एरवी अशा वेळी गावातली शिकलेली पोरे खरेखोटे शोधून पाहतात, शहरातल्या मित्राला फोटो मागतात, पोलिसांच्या अधिकृत पानावर काय लिहिले आहे ते बघतात. खोटे सांगणाऱ्याला नेटची गरज उरली नव्हती आणि खरे शोधणाऱ्याच्या हातचे एकमेव साधन गेले होते.

आणि दूरदर्शन संच मात्र चालू होते. आमच्याकडे घरोघरी छत्र्या आहेत, त्यांना नेट लागत नाही. सकाळी जळालेला एक टायर रात्री १० वाजेपर्यंत जळतच होता. तीच ज्वाळा, तेच दोन दगड, तोच धावणारा माणूस, कधी जवळून आणि कधी हळू करून. कोपऱ्यात वेळ दिसत होती ती त्या क्षणाची, चित्रण केव्हाचे आहे ते नव्हे. माझ्या सासूबाईंनी जेवताना विचारले की, "अजून चालूच हाय का वं?" मी काय उत्तर देणार? तालुक्याला फोन लावून विचारले तर बाजारपेठ दुपारीच शांत झाली होती, दुकाने अर्ध्या शटरवर उघडी होती. केबल टेलिव्हिजनच्या १९९५ च्या अधिनियमात जिल्हादंडाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी आहेत, पण कोणती वाहिनी बंद करा असे मी अजिबात म्हणत नाही. बंद करण्याचा उपाय एकदा पाहून झाला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वार्ताहरांना बोलावून, चित्रण केव्हाचे आहे ती तारीख आणि वेळ ठळक दाखवा, एवढी विनंती आपण त्याच दुपारी केली असती, तर निदान जे ऐकणारे आहेत त्यांनी ऐकले असते.

आता दुसऱ्या रात्रीचे. आमच्या भागात वेचणीला मजूर कमी पडतात आणि दर वर्षी मेळघाटातून कोरकू कुटुंबे येतात. मुकादम त्यांना गोळा करतो, संध्याकाळी पिकअप भरते आणि रात्री उशिरा ती आमच्या फाट्यावर येते; यात नवे काही नाही. त्या रात्री फाट्यावर गावातली तीस-पस्तीस माणसे काठ्या घेऊन बसली होती, कारण गंज्या राखायच्या होत्या. त्यांत मी ज्यांची केवायसी केली आहे अशी पोरे होती, माझा चुलत दीर होता, आणि एरवी मुंगीलाही न दुखवणारे एक निवृत्त शिक्षक होते. साडेदहाच्या सुमारास ताडपत्री टाकलेली पिकअप आली. समोर काठ्या घेतलेली माणसे पाहून चालकाने घाबरून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, आणि जो मागे घेतो तो चोर, असे जमावाने ठरवून टाकले. काच फुटली. मुकादम हात जोडून खाली उतरला तर त्याच्या खांद्यावर काठी बसली. ताडपत्रीखाली बाया आणि लेकरे होती, पण अंधारात आणि आरडाओरड्यात ते कोणाला दिसत नव्हते, किंवा दिसत असूनही त्याचा अर्थ लागत नव्हता.

पोलीस पाटील धावत आले आणि गाडीला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी ठाण्याला फोन लावला, तो सारखा व्यस्त येत होता. ११२ ला लावला, तो लागला, पण गाडी बंदोबस्तात असल्याने यायला पाऊण तास लागेल असे सांगण्यात आले. ज्या कास्तकाराने हे मजूर बोलावले होते तो नदीकडच्या वावरात जागलीला होता आणि तिथे रेंज नसते. मी आमच्या ओट्यावरून हे पाहत होते आणि खरे सांगायचे तर माझे पाय हलत नव्हते. त्या वेळी आमच्या गावची आशाताई, जिला मी एरवी फार भांडकुदळ समजते, माणसांना ढकलत पुढे गेली, तिने ताडपत्री उचलून टॉर्च मारला आणि एका मुलीचा हात धरून तिला खाली उतरवत ओरडली, "अवं, हे तं मांगच्या साली माह्याच वावरात कापूस वेचाले होती!" त्या मुलीनेही तिला ओळखले आणि रडायला लागली. एकाने काठी खाली घेतली, मग दुसऱ्याने. आमचे गाव राईनपाडा होता होता राहिले ते त्या एका ओळखीवर. ती मुलगी या वर्षी पहिल्यांदाच आली असती तर पुढे काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

एक तपशील आपण मुद्दाम ध्यानात घ्यावा अशी माझी विनंती आहे. मुकादमाने त्या दुपारी सगळ्या मजुरांची नावे, आधार कार्डांचे फोटो आणि गाडीचा क्रमांक कास्तकाराला पाठवला होता आणि कास्तकार ते नेहमीप्रमाणे पोलीस पाटलांकडे पाठवणार होता. ते फोटो नेट सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले, एकामागून एक, एकोणीस जणांचे.

मुकादमाने तक्रार दिली नाही. तक्रार दिली तर मजुरी बुडेल आणि पुढच्या वर्षी या गावात कोणी बोलावणार नाही, असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्यामुळे ही घटना कोणत्याच नोंदीत नाही आणि ते तीन दिवस आपल्या अहवालात शांततेत पार पडलेले असतील.

नंतर मी चौकशी केली. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी पत्रकार अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात असे स्पष्ट सांगितले आहे की, नेट बंद करण्याचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो गरजेपुरताच असला पाहिजे आणि तो बेमुदत असू शकत नाही. आदेश गृह विभागाकडून निघतो हेही मला कळले, पण जिल्ह्यातली परिस्थिती वर कळवणारे आपणच असता. आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर तो आदेश लागला नव्हता. तलाठ्यांना तो मिळाला नव्हता, ग्रामसेवकांना नव्हता, पोलीस पाटलांना नव्हता. आदेश एखाद्या संकेतस्थळावर टाकला असेलही, पण नेट बंद असताना तो कोणी आणि कशावर वाचायचा? तो कागदावर मराठीत छापून, कारण आणि मुदत लिहून, त्याच संध्याकाळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवला असता, तर पारावरचे ते वाक्य कोणी दहादा उच्चारले नसते.

फोन आणि साधे एसएमएस तिन्ही दिवस चालू होते, याकडेही आपले लक्ष वेधते. मतदानाच्या आधी उमेदवारांचे एसएमएस आम्हाला दिवसाला सहा-सात येतात, आणि ध्वनिमुद्रित आवाजात "मी तुमचा भाऊ बोलतोय" असे फोनही येतात. २०२३ मध्ये तर आमच्या गावातले मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले होते आणि पडद्यावर आपत्कालीन सूचनेची चाचणी असल्याचा मजकूर आला होता. म्हाताऱ्या बाया मोबाइल फेकून अंगणात पळाल्या होत्या. त्या यंत्रणेला नेट लागत नाही, टॉवर पुरतो. पुराची आणि विजेची सूचना जिच्यावरून देता येते, तिच्यावरून "तालुक्यात परिस्थिती नियंत्रणात आहे, खेड्यांकडे कोणत्याही गाड्या निघालेल्या नाहीत, नेट अमुक वेळेपर्यंत बंद राहील" एवढा मजकूर पाठवण्यात काय अडचण होती, हे मला कोणी समजावून दिले तर मी आभारी राहीन.

त्याऐवजी प्रशासनाकडून आम्हाला जे मिळाले ते नोटिसांच्या रूपाने. नेट सुरू झाल्यावर गावातल्या सात व्हॉट्सॲप गटांच्या ॲडमिनना, गटात आक्षेपार्ह काही आले तर तुम्हाला जबाबदार धरले जाईल, अशा नोटिसा आल्या. त्यांत माझा नवरा आहे. त्याच्या गटात सोयाबीनचे भाव आणि हरवलेल्या बैलांचे फोटो येतात. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितले आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. ध्वनिफीत पुढे दिल्याबद्दल पानठेल्यावरच्या दोन पोरांवर गुन्हा दाखल झाला, त्यांतल्या एकाची पोलीस भरतीची तयारी चालू होती. ज्याचा आवाज त्या फितीत आहे तो अजून सापडलेला नाही. तो आवाज ओळखणारी माणसे दोन्ही पक्षांच्या तालुका कार्यालयांत सापडतील असा माझा अंदाज आहे, पण तिथे चौकशीला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. बॅनर फाडणारे आणि लावणारे दोघेही मोकळे आहेत आणि पुढच्या निवडणुकीसाठी आमच्याच पोरांना पेट्रोलचे पैसे देऊन मोटारसायकलींवर बसवणार आहेत.

आमच्या गावात पोलीस पाटील आहेत, कोतवाल आहेत, आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती कागदावर का होईना अजून आहे. पूर्वी तहसीलचा निरोप आला की कोतवाल दवंडी देत. नंतर ग्रामपंचायतीवर भोंगा आला आणि लसीकरणाची, पाण्याची, ग्रामसभेची सूचना त्यावरून होऊ लागली. करोनाच्या काळात याच भोंग्यावरून रोज सकाळी माहिती दिली जाई आणि लोक हातातले काम थांबवून ती ऐकत. त्या तीन दिवसांत पोलीस पाटलांना ठाण्यातून दिवसातून दोनदा फोन करून चार ओळी सांगितल्या असत्या आणि त्यांनी त्या भोंग्यावरून वाचल्या असत्या, तर फाट्यावर तीस माणसे जमली नसती, किंवा जमली तरी त्यांनी काहीतरी अधिकृत ऐकलेले असते. ठाण्याला मनुष्यबळ कमी असते हे मी पाहते. पण एका तालुक्यातले पोलीस पाटील म्हणजे शे-दीडशे फोन, आणि ते करायला बंदोबस्तातला एकही शिपाई काढावा लागत नाही. कार्यालयात बसलेला एक कारकून पुरेल. पुन्हा कधी नेट बंद करण्याची वेळ आलीच, तर त्या आदेशासोबतच हे फोन कोण करणार आणि किती वाजता करणार, ते लिहून ठेवण्यात यावे.

आमचा भोंगा सध्या बंद आहे, हे मात्र मला कबूल केले पाहिजे. त्याचा ॲम्प्लिफायर पोळ्यापासून तालुक्याच्या दुकानात दुरुस्तीला पडून आहे आणि ग्रामपंचायतीकडे त्या खर्चाची तरतूद नाही असे सांगतात. दुकानदार १,८०० रुपये मागतो. आमच्या बचत गटाने मागच्या सोमवारी ते पैसे देण्याचे ठरवले आहे आणि येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः तो घेऊन येणार आहे. वाचायचा कागद आपण पाठवावा.

आपली नम्र,
एक बँक सखी